नागपूरहून पहिल्यांदाच क्रूझला निघताय? तिकीट काढण्यापासून परत अजनीला उतरेपर्यंत काय काय करायचं ते क्रमाने

नागपूरहून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच, मुंबई सीएसएमटी रेल्वेने ८३७ किलोमीटर, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी लिहिलेली क्रूझची माहिती वाचून आपलं भागत नाही. ते लोक सकाळी घरून निघतात, टॅक्सी करतात आणि दुपारी जहाजावर चढतात. आपली अर्धी ट्रिप जमिनीवरच होते आणि जी काही गडबड व्हायची ती बहुतेक तिथेच होते, जहाजावर नाही. म्हणून हे सगळं आपल्या बाजूने लिहून राहिलो आहे, सीताबर्डी, धरमपेठ, इतवारी, मानेवाडा, कुठूनही निघणाऱ्यांसाठी, आणि खास करून ज्यांच्या घरी आई-बाबांनी अजून जहाज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी.

थोडं आधीचं सांगतो. आधी क्रूझ म्हटलं की पासपोर्ट, व्हिसा, सिंगापूरचं विमान असं सगळं लागायचं. मुंबईहून आपल्याच देशात फिरवणारं जहाज २०१९ मध्ये जलेशने कर्णिका नावाने सुरू केलं होतं, ते कोविडमध्ये बंद पडलं. मग सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचं एम्प्रेस मुंबईहून सुटायला लागलं. हे जहाज १९९० चं, फ्रान्समध्ये सेंट-नाझेरला बांधलेलं, आणि मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी डिझाइन केलेलं, त्यामुळे दोन-तीन रात्रींत जे बघायचं ते सगळं हाताशी सापडतं, फार चालावं लागत नाही. २०२५ मध्ये मुंबईच्या इंदिरा डॉकला नवीन इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल सुरू झालं, ७२ चेक-इन आणि इमिग्रेशन काउंटर, एकावेळी पाच जहाजं लागतील एवढी जागा. म्हणजे आता मुंबईचं होम पोर्ट चांगलं मोठं झालंय. होम पोर्ट म्हणजे सफर जिथून सुरू होते आणि जिथे संपते ते बंदर, बॅगा तिथेच चढतात, तिथेच उतरतात, आणि मधे गोवा वगैरे लागतं ते फक्त काही तास थांबायचं ठिकाण.

पहिलं काम: कुठे जायचं ते नाही, किती रात्री ते ठरवा

लोक आधी विचारतात गोवा घेऊ का लक्षद्वीप. माझं म्हणणं असं की पहिल्या वेळी रात्री मोजा. दोन रात्रींच्या सफरीत पहिल्या दिवशी चढेपर्यंत दुपार होते आणि शेवटच्या दिवशी सकाळीच उतरवतात, म्हणजे हातात पूर्ण असा एकच दिवस. त्यासाठी नागपूरहून जाऊन-येऊन दोन रात्री ट्रेनमध्ये घालवायच्या, हे मला पटत नाही. आपल्यासाठी तीन रात्रींचं बरोबर बसतं. अंग पहिल्या दिवशी जहाजाला सरावतं, मधे एक दिवस निव्वळ समुद्र, आणि एक दिवस गोवा. आणि सुट्टी टाकताना ऑफिसात जहाजाचे दिवस सांगू नका, जाण्या-येण्याचे धरून सांगा, तीन रात्रींच्या क्रूझला आपल्याला जवळपास आठवडाच लागतो.

सीझन म्हणाल तर ऑक्टोबर ते मार्च. जूनपासून अरबी समुद्र खवळतो, पावसाळ्यात मुंबईकडच्या सफरी थांबतात आणि जहाज बऱ्याचदा चेन्नईच्या बाजूला जातं, तिथून विशाखापट्टणम, श्रीलंका असे रूट निघालेले आहेत. इथे आपला फायदा असा की नागपूर मधोमध आहे, चेन्नईला ग्रँड ट्रंक आणि तामिळनाडू एक्सप्रेस नागपूरवरूनच जातात, विशाखापट्टणमला समता एक्सप्रेस. तेव्हा शाळेच्या सुट्टीत जायचं असेल आणि मुंबईहून काही नसेल तर पूर्वेकडे नक्की बघा. फक्त श्रीलंका रूटमध्ये असेल तर पासपोर्ट लागणारच, त्याची सहा महिन्यांची मुदतही बघून घ्या.

पैशाचं गणित

जाहिरातीत दिसतो तो आकडा बहुतेक वेळा एका माणसाचा असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून. एकटे गेलात तर दुसऱ्या बेडचेही बरेचसे पैसे द्यावे लागतात. त्यावर जीएसटी, पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज किंवा ग्रॅच्युइटी (म्हणजे स्टाफची टिप) हे वेगळं चढतं, त्यामुळे एजंटला फोनवर एकच प्रश्न विचारायचा: आमच्या चौघांचा सगळं धरून खिशातून जाणारा आकडा किती, आणि तो व्हॉट्सअॅपवर लिहून मागायचा. फोनवरचं तोंडी गणित अजिबात ग्राह्य धरू नका.

भाड्यात साधारण केबिन, ठरलेल्या रेस्टॉरंटमधलं जेवण, स्विमिंग पूल, जिम आणि बरेचसे शो येतात. दारू, कोल्ड्रिंक, स्पेशल कॉफी, वायफाय, स्पा, कसिनो, काही मोठे शो आणि गोव्यातली बस टूर हे सहसा वेगळं. मुलं सोबत असतील तर सगळ्यात भराभर पैसे जातात ते व्हिडिओ गेम आणि कोल्ड्रिंकवर, घरूनच मुलांशी ठरवून घ्या.

कॅन्सलेशनची अट पैसे भरायच्या आधी वाचा, नंतर नाही. तारीख जवळ येईल तशी कापलेली रक्कम वाढत जाते, शेवटच्या काही दिवसांत तर जवळपास काहीच परत मिळत नाही. घरात वयस्कर माणूस असेल, कुणाच्या ऑपरेशनची तारीख लागायची असेल तर ट्रॅव्हल इन्शुरन्स काढून टाका. गरोदर बाईला साधारण २४ आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बऱ्याच क्रूझ कंपन्या घेतच नाहीत, हे बुकिंगच्या आधीच विचारा, पोर्टवर जाऊन कळलं तर कुणीच काही करू शकत नाही.

केबिन

चार प्रकार असतात: इंटिरियर म्हणजे बिनखिडकीची, ओशन व्ह्यू म्हणजे बंद काचेची खिडकी, बाल्कनीवाली, आणि स्वीट म्हणजे सगळ्यात मोठी. एम्प्रेस जुन्या बांधणीचं असल्यामुळे बाल्कनीच्या केबिन मोजक्याच आहेत आणि महाग जातात. तरुण मित्रमंडळी असाल तर इंटिरियर घ्या, झोपायपुरतंच जायचं असतं, वाचलेले पैसे वरच्या गोष्टींना लावा. आई-बाबांसाठी मात्र खिडकी घ्याच. बिनखिडकीच्या केबिनमध्ये सकाळ झाली की रात्र आहे काही कळत नाही, म्हाताऱ्या माणसांना कोंडल्यासारखं होतं, आणि पहाटे उठून चहा घेऊन खिडकीशी बसून समुद्र बघणं हे त्यांच्यासाठी कुठल्याही शोपेक्षा मोठं असतं, माझं यावर ठाम मत आहे. खिडकी घेताना समोर लाइफबोट तर येत नाही ना हे विचारा, काही केबिनमधून खिडकीत नारंगी बोटच दिसते.

आणि जागा कुठली? जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर. जहाज मध्यभागी सगळ्यात कमी हलतं, पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त. पैसे वाढवून वरची केबिन घेणारे लोकच जास्त वेळा आजारी पडतात. लिफ्टच्या फार चिकटून नको, रात्रभर लोकांची ये-जा असते, पण गुडघ्याचा त्रास असेल तर लिफ्टपासून फार लांबही नको.

ट्रेन, आणि इथे जरा सावकाश वाचा

जहाज कुणासाठी थांबत नाही. जहाज संध्याकाळी सुटणार असलं तरी बोर्डिंग बरंच आधी बंद होतं, तिकिटावर रिपोर्टिंगची वेळ दिलेली असते, ती गेली की पैसे गेले. म्हणून नियम एकच: मुंबईत आदल्या दिवशी पोचायचं. दुरांतो सकाळी सीएसएमटीला पोचते म्हणून लोक त्याच दिवशीचं गणित बसवतात, आणि बहुतेक वेळा ते जमतंही, पण कधी कसारा घाटात काही झालं, कधी कल्याणच्या पुढे लोकलमुळे गाडी अडली, तर तुमची वर्षाची ट्रिप त्या दोन तासांवर लटकलेली असते. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे काहून वाचवायचे, तो खर्च क्रूझचाच भाग धरा.

गाडी निवडताना नागपुरातून किंवा जवळून सुटणारी घ्या. दुरांतो आणि सेवाग्राम नागपूरहूनच निघतात, विदर्भ गोंदियाहून येते. हावड्याहून येणाऱ्या गीतांजलीसारख्या गाड्या नागपूरलाच लेट आल्या तर पुढे ते भरून निघेलच असं नाही. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, क्रूझ त्याच्याही आधी बुक होते, तेव्हा क्रूझ घेतली त्याच दिवशी मोबाइलमध्ये ६० दिवसांचा रिमाइंडर टाका, जायचा वेगळा आणि यायचा वेगळा. दिवाळी आणि ख्रिसमसच्या आठवड्यात वेटिंगवर भरवसा ठेवून क्रूझ घेऊ नका.

समृद्धीने गाडी घेऊन जायचं असेल तर ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो आणि तिथून क्रूझ टर्मिनल आहे त्या बॅलार्ड पियरपर्यंतचं ट्रॅफिक वेगळं. शिवाय तीन-चार दिवस गाडी कुठे लावणार हा प्रश्न आहेच. विमानाने दीड तास लागतो, पण मुंबईचं विमानतळ आणि दक्षिण मुंबई यात बराच वेळ जातो, सकाळचं विमान घेऊन दुपारचं जहाज पकडायचं धाडस नको. ट्रेनचा मोठा फायदा असा की सीएसएमटीपासून बॅलार्ड पियर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. हॉटेलही फोर्ट किंवा सीएसएमटीच्याच भागात बघा, दादर-अंधेरीला नातेवाईकांकडे उतरलात तर सकाळी बॅगा घेऊन पुन्हा तोच प्रवास.

टॅक्सीवाल्याला नुसतं डॉक सांगू नका. मुंबई पोर्टला ग्रीन गेट, यलो गेट अशी बरीच गेटं आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत. तुमच्या बोर्डिंग पासवर जे गेट किंवा टर्मिनल लिहिलंय ते दाखवा.

कागदपत्रं

देशातल्या रूटला आधार, व्होटर कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्डवर पत्ता नसतो, त्याच्या भरवशावर निघू नका. ओरिजिनल लागतं, झेरॉक्सवर काम भागत नाही. लहान मुलांचंही आधार किंवा जन्माचा दाखला घ्या, आणि मूल आजी-आजोबांसोबत जात असेल तर आई-वडिलांचं संमतीपत्र लागतं का ते विचारून ठेवा. तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हा घोळ सगळ्यात जास्त होतो, आधारवर माहेरचं आणि तिकिटावर सासरचं. बुकिंग करतानाच कार्ड समोर ठेवून नाव भरा.

मग वेब चेक-इन. हे निघायच्या काही दिवस आधी उघडतं आणि त्यातच बोर्डिंगचा स्लॉट मिळतो, जितकं लवकर कराल तितका आधीचा स्लॉट, म्हणजे जहाजावरचं दुपारचं जेवण पदरात पडतं. लक्षद्वीपचा रूट असेल तर एंट्री परमिट लागतं, ते कंपनी काढून देते पण फॉर्म आणि कागद आपल्यालाच वेळेत द्यावे लागतात.

बॅग

दोन बॅगा करा. मोठी बॅग पोर्टवर टॅग लावून घेतात आणि ती थेट केबिनशी येते, पण कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून हातातल्या छोट्या बॅगेत औषधं, कागदपत्रं, चार्जर, स्विमिंगचे कपडे आणि एक ड्रेस ठेवा. बीपी-शुगरची गोळी मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका.

कपडे म्हणाल तर दिवसा काहीही चालतं, रात्रीच्या रेस्टॉरंटमध्ये हाफ पँट आणि स्लिपरवर सोडत नाहीत. डेकवर रात्री वारा जोरात असतो, पातळ जॅकेट आणि कानटोपी आई-बाबांना लागतेच, आत एसीही फार असतो. रबरी सोलचे बूट घ्या, ओला डेक घसरतो. युनिव्हर्सल अडॅप्टर ठेवा, जहाजावरचे सॉकेट आपल्या घरच्यासारखे असतीलच असं नाही. इस्त्री, इलेक्ट्रिक केटल, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, अगरबत्ती, लायटर हे सगळं आगीच्या भीतीने काढून घेतात, दारूची बाटलीही. शिजवलेलं जेवण नेता येत नाही. पॅकबंद चिवडा किंवा संत्रा बर्फी न्यायची असेल तर कंपनीचा नियम आधी वाचा.

चढल्यावर पहिलं काम

चेक-इनला एक कार्ड मिळतं, तीच केबिनची चावी, तीच ओळख, आणि खर्चही त्यावरच चढतो, रोख पैसे आत चालत नाहीत. त्यासाठी आधी आपलं बँकेचं कार्ड त्याला जोडावं लागतं किंवा काउंटरवर पैसे भरावे लागतात. गळ्यात अडकवायची दोरी घरूनच घ्या.

मग सेफ्टी ड्रिल, म्हणजे मस्टर ड्रिल, संकट आलं तर कुठे जमायचं आणि काय करायचं याचा सराव. याबद्दल मला कळकळीने सांगायचंय कारण लोक याच वेळी केबिनमध्ये आवरत बसतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिलियो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला धडकून कलंडलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आता ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच घ्यावंच लागतं. भोंग्याचे सात छोटे आवाज आणि मग एक लांब, हा धोक्याचा इशारा, घरातल्या लहान मुलांनाही तो पाठ करवा. तुमचं मस्टर स्टेशन, म्हणजे जमायची जागा, केबिनच्या दारामागे आणि कार्डावर लिहिलेलं असतं. ड्रिल संपलं की केबिनपासून तिथपर्यंत एकदा लिफ्ट न वापरता जिन्याने चालून या, घरच्यांना सगळ्यांना घेऊन. जिना डाव्या हाताला की उजव्या हाताला एवढं पायांना माहीत झालं की झोप शांत लागते. आजी-आजोबांना पायऱ्या जमत नसतील तर हे तेव्हाच स्टाफला सांगून ठेवा, ते त्यांच्या मदतीची वेगळी नोंद करतात.

मळमळ

आपण कोरड्या मुलखातले लोक, फुटाळ्याच्या पाण्यापलीकडे पाण्याची सवय नाही, तेव्हा ही भीती सगळ्यांनाच असते. ऑक्टोबर ते मार्च समुद्र बऱ्यापैकी शांत असतो आणि मोठ्या जहाजाला बाजूने माशाच्या परांसारखे, डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे बहुतेकांना थोडं डोलल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना मात्र केबिनची स्थिर भिंत दिसते, या दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. मग उपाय काय तर डोळ्यांनाही हालचाल दिसू द्यायची: केबिनमध्ये पडून मोबाइल बघत बसायचं नाही, उघड्या डेकवर मध्यभागी यायचं आणि लांब, पाणी आणि आकाश जिथे मिळतं त्या रेषेकडे बघत राहायचं. उपाशी राहू नका, पोट गच्चही नको, थोडं थोडं कोरडं खा, आलेपाक, आवळा सुपारी तोंडात ठेवा. गोळी घ्यायची तर ती मळमळ सुरू व्हायच्या आधी घेतली तरच नीट चालते, आणि बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून कुठली घ्यायची ते नागपुरातच आपल्या डॉक्टरला विचारून न्या, खास करून बीपी, काचबिंदू, प्रोस्टेटची औषधं चालू असतील तर. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी वेगळी लागते.

जेवण आणि मोबाइल

शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. रात्रीच्या जेवणाच्या बऱ्याचदा दोन पाळ्या असतात, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर पहिली मागा, शो नंतर आरामात बघता येतो. सावजीची सवय असलेल्यांना सगळं फिकं लागेल, पण पहिल्या दिवशी पोट हलकं ठेवणंच बरं.

मोबाइलचं नीट लक्षात ठेवा. किनारा लांब गेला की आपलं नेटवर्क जातं आणि जहाजावरचं सॅटेलाइटचं नेटवर्क आपोआप पकडलं जाऊ शकतं, त्याचे दर नेहमीच्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात. जहाज सुटलं की एअरप्लेन मोड लावा, आणि आई-बाबांच्या फोनला तुम्ही स्वतः लावून द्या. घरी निघतानाच सांगून ठेवा की अमुक तारखेच्या सकाळपर्यंत फोन लागणार नाही, नाहीतर इकडे सगळे काळजीत.

गोव्यात आणि लक्षद्वीपला उतरताना

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं, वास्कोजवळ. तिथून पणजी साधारण ३० किलोमीटर, कळंगुट-बागा त्याच्याही पुढे. हातात थोडेच तास असतात, त्यात उत्तर गोवा गाठायच्या मागे लागू नका. जवळचा बोगमाळो बीच किंवा फार तर जुन्या गोव्यातली चर्चं, एवढंच आरामात होतं. परत चढायची वेळ जहाज सुटायच्या वेळेच्या आधीची असते, गेटवरच त्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा. लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीतून नेतात. हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करूनच उतरावं, आणि लाटा असतील तर उतरणंच रद्द होतं, ही शक्यता धरूनच पैसे भरा. बंगाराम सोडून तिथे दारूबंदी आहे.

परतताना

शेवटच्या रात्री कार्डावरच्या खर्चाची यादी बघून घ्या, काही चुकीचं चढलं असेल तर त्याच रात्री रिसेप्शनला सांगा, सकाळी तिथे लांब लाइन असते. मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि औषधं आधी बाजूला काढा. सकाळी केबिन लवकर सोडावी लागते आणि दुपारच्या आत तुम्ही मुंबईच्या रस्त्यावर असता. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅगा टाकून दिवसभर फिरा आणि संध्याकाळची विदर्भ पकडा. दुरांतो घेणार असाल तर ती मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे ज्या दिवशी उतरलात त्याच रात्रीच्या गाडीसाठी तिकिटावर तारीख पुढच्या दिवसाची हवी. ही तारीख बुकिंग करताना दोनदा तपासा, चुकलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

घरी आल्यावर एक-दोन दिवस अंघोळ करताना, डोळे मिटल्यावर जमीन डोलल्यासारखी वाटते, बहुतेकांना होतं आणि आपोआप जातं. आठवडाभरातही गेलं नाही किंवा चालताना तोल जात असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, आणि वयस्कर माणसांना ते दोन दिवस बाथरूममध्ये एकटं न पाठवता बाहेर कुणीतरी थांबा.